वीरला थांबणाऱ्या गाड्या

महाड,
९ मार्च २००२

उज्वला हिस,

वर ‘चि.’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. छत्तीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं आहे. कुणाच्या नावामागे काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हे मला कळतं.

बाजारपेठेत सायकलच्या दुकानात रत्नागिरीच्या कुठल्याशा फोटो स्टुडिओचं कॅलेंडर टांगलेलं आहे. वर आगगाडीचं चित्र. सावित्रीच्या पुलावरून मालगाडी चालली आहे, तिच्यावर ओळीने ट्रक चढवलेले, आणि एका ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हर दात घासतो आहे. खाली बारीक अक्षरात छायाचित्रकाराचं नाव, ‘उज्वला मंजुळा’. बापाचं नाव गाळून आईचं लावायची ही नवी पद्धत मला ठाऊक नव्हती. दुकानदाराने विचारलं, “गुरुजी, ही तुमचीच काय?” मी म्हणालो, “आमच्यात या नावाचं कुणी नाही.” हे तुला कळावं म्हणून लिहिलं. कॅलेंडरवर स्टुडिओचा पत्ता होता, त्यावर हे पत्र पाठवतो आहे.

आता कामाचं. तुझ्या आईच्या गर्भाशयात गाठ निघाली. मुंबईला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे मागेल ते खायला घाला. ती खायला काही मागत नाही. तुझं नाव घेते.

यायचं असेल तर आधी लेखी माफी हवी. माझी, आणि खालापूरच्या त्या लोकांची, ज्यांच्या घरातून तू दोन वर्षांत पिशवी घेऊन निघून आलीस. जावई हात उचलायचे, असं तुझं म्हणणं होतं. थोडंफार कुठल्या घरात होत नाही? तेवढ्याने कुणी बापाची मान खाली घालत नाही.

माफी शुद्ध लिही. वेलांट्या तुला कधी जमल्या नाहीत.

महादू रामा हाटे
निवृत्त मुख्याध्यापक


महाड,
२ एप्रिल २००२

उज्वला हिस,

उत्तर नाही. अपेक्षितच होतं.

तुझ्या मनात ती फोटोंच्या रोलची गोष्ट असणार. आई अजून मधूनच ती काढते, म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

तेव्हा मी कुडपणच्या शाळेवर होतो. सोमवारी डोंगर चढायचा, शनिवारी उतरायचा. घरी तू आणि आई. रेल्वे वीरपर्यंत येऊन दीड वर्ष झालं होतं. एका शनिवारी पोलादपूरच्या थांब्यावर सोनावणे गुरुजी मला म्हणाले, “हाटे, तुमची मुलगी वीरला रुळांच्या कडेला उभी असते. गळ्यात कॅमेरा, सोबत मुसलमानाची पोर.” चार माणसं ऐकत होती. तू माझ्या जागी उभी राहून बघ.

घरी येऊन दप्तर तपासलं तर वही निघाली. चौदा महिन्यांच्या नोंदी. तारीख, वेळ, गाडी, इंजिनाचा नंबर, ते कुठल्या लोकोशेडचं, किती मिनिटं उशीर. गणिताच्या वहीत तुझं अक्षर इतकं चांगलं कधी नव्हतं. बारावीच्या सहामाहीत तुला गणितात अठ्ठावीस. कॅमेरा त्या पोरीच्या, बिल्किसच्या भावाचा; त्या मुश्ताकने कुवेतहून आणलेला. आणि धुवायचे राहिलेले सात रोल एका डब्यात.

मी ते अंगणात आणले. ऊन होतं. एकेक रोल ओढून उघडा केला. दुसरं टोक तुला धरायला सांगितलं आणि तू धरलंस. रडली नाहीस. मला त्याचाच जास्त राग आला. आई म्हणाली, “अवो, नका करू असा. पोरीचा वरीस गेलाय त्याच्यात.” मी सातही संपवले. शेजारची मुलं कुंपणावर बसून हसत होती.

नंतर तुला बसवून बिल्किसला पत्र लिहून घेतलं, की यापुढे आपला संबंध नाही. ते मी सांगितलं आणि तू लिहिलंस, हे खरं.

आज विचार केला तरी शिक्षा योग्यच वाटते. फक्त त्या मुलांना मी गप्प करायला हवं होतं.

म. रा. हाटे


महाड,
१६ मे २००२

उज्वला हिस,

आईला आता उठवून बसवावं लागतं. मला एकट्याला उचलवत नाही, कंबर धरते. नाइलाजाने बिल्किसला घरात घ्यावं लागलं. लग्न होऊन ती दोन गल्ल्या सोडूनच राहते. दर बुधवारी ती आईला मुश्ताकच्या रिक्षात घालून इंजेक्शनला नेते, दोन-तीन तासांनी आणून सोडते. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. परवा मी विचारलं, “उज्वलाचं काही कळतं का?” म्हणाली, “मला काय कळणार, गुरुजी? तिने तर संबंध तोडलाय.” आणि आईच्या पायात चप्पल घालत बसली.

बुधवारी आल्यावर आई बरी दिसते. इंजेक्शन लागू पडत असावं.

काल तिने विचारलं, “त्या दिवशी दार का नाय उघडलात?” पाच वर्षं हा प्रश्न तिने तोंडातून काढला नव्हता. तू खालापूरहून आलीस तो दिवस. दुपार होती, पाऊस होता. तू दार वाजवलंस आणि म्हणालीस, “आई, मी हाय.” मी आत खुर्चीवर होतो. आई कडीपर्यंत पोचली होती. मी उठून तिचा हात धरला. तिने जोर केला, मीही केला. तुला आवाज ऐकू गेला असेल. त्यात तिचं मनगट जरा मुरगळलं, महिनाभर पट्टी होती. तू बराच वेळ उभी होतीस. मग पायरीवरून उतरल्याचा आवाज आला.

मी उघडलं असतं. तू “बाबा” म्हणून हाक मारली असतीस, तर उघडलं असतं. तू हाक आईला मारलीस.

माफीपत्राची अट मी सैल करतो आहे. नुसतं ये.

म. रा. हाटे


महाड,
२३ जून २००२

उज्वला,

आई फार बोलत नाही. काल म्हणाली, “त्या आवडीला जसे पोरीचे फोटो येतात, तशे आमाला नाय आले.” आवडी म्हणजे समोरची, तिची मुलगी दुबईला आहे.

तू पूर्वी आईच्या नावाने फोटो पाठवायचीस, ते मिळाले होते. एकूण अकरा. सगळ्यात गाड्याच. ते मी तेव्हाच तिला दाखवले होते. तिला गाड्यांतलं काही समजत नाही, म्हणून विसरली असेल. मग तू पाठवणंच बंद केलंस. कारण तुला ठाऊक.

ये. भाडं नसेल तर कळव.

म. रा. हाटे


महाड,
११ ऑगस्ट २००२

चि. उज्वला,

आईच्या प्रकृतीला उतार आहे. परवा तिने वाटीभर पेज घेतली आणि लिंबाचं लोणचं मागून घेतलं. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. तेव्हा काळजी करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

मी हल्ली वीरला जातो. एसटीने जातो, फलाटावर बसतो, संध्याकाळच्या आत परत येतो. म्हटलं, कधीतरी फोटो काढायला येत असशील, तर भेट होईल. तशी भेट झालेली नाही. पण बसल्या बसल्या गाड्या बघणं होतं. पावसात वेळापत्रक वेगळं असतं, हे मला माहीत नव्हतं. गाड्या हळू चालवतात, दरडींसाठी रुळावर माणसं फिरत असतात. परवा लांब पल्ल्याची एक गाडी न थांबता गेली. ती येण्याआधी काही वेळ रुळांतून बारीक आवाज येतो. तुझ्या वहीत ‘रूळ बोलले, मग चार मिनिटांनी गाडी’ असं एका पानावर होतं. तेव्हा मी त्याखाली लाल पेनाने ‘निरर्थक वाक्य’ असा शेरा मारला होता. ते वाक्य निरर्थक नाही.

हे आईला घरी येऊन सांगितलं. ती हसली. म्हणाली, उज्वलाला कळवा.

तुझे बाबा


महाड,
६ ऑक्टोबर २००२

चि. उज्वला,

आई बरीच सुधारली आहे. गेल्या आठवड्यात मी तिला वीरला घेऊन गेलो. फलाटाच्या टोकाला झाडाखाली बाक आहे, त्यावर आम्ही दोघं बसलो. तिने डब्यात भाकरी आणली होती. दिवा जंक्शनकडची पॅसेंजर आली, मग ट्रकवाली गाडी गेली. मी तिला ट्रक मोजून दाखवले. ती म्हणाली, “पोरगी कायतरी खोटा नव्हती सांगत.” मला तिचं म्हणणं पटलं.

मी एक छोटी वही केली आहे. तारीख, वेळ, गाडी. इंजिनाचा नंबर मात्र लिहिता येत नाही. डाव्या डोळ्याने अजिबात दिसत नाही, उजव्याने आकडे पुसट दिसतात. मोतीबिंदू आहे म्हणतात. स्टेशनवरच्या भजीवाल्या चंदूला विचारतो, तो सांगेल तो नंबर लिहितो. तो थट्टेने काहीही सांगत असेल, अशी मला शंका आहे.

आई रोज विचारते, पत्र आलं का. मी नाही म्हणतो. आता दिवाळीला ये. तुला आवडतात तशी घावनं ती करील.

तुझे बाबा


महाड,
२२ डिसेंबर २००२

चि. उज्वला,

हे पत्र बसून वाच.

तुझी आई १९ जुलैला, शुक्रवारी, उजाडताना गेली. त्याला आज पाच महिने झाले.

तुला तार करायला मी पोस्टात गेलो होतो. फॉर्म भरला. मग मनात आलं, चार पत्रं लिहिली, अट सैल केली, भाडं देतो म्हटलं, तरी जिला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, तिला कशाला कळवायचं? राहू दे तिला तशीच. फॉर्म फाडला. त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नंतर घरात एकटा राहिलो. पहिल्या आठवड्यात माणसं येत होती, मग तीही थांबली. बिल्किस त्या दिवसानंतर एकदाही आली नाही. तेव्हा तुला ऑगस्टचं पत्र लिहिलं. आई आहे म्हटलं तर तू येशील, आई नाही म्हटलं तर कशाला येशील, असा हिशोब होता. लिहिता लिहिता मलाच ते खरं वाटायला लागलं. वीरच्या बाकावर मी एकटाच बसतो. तिला मी कधी नेलं नाही. संसाराच्या एकतीस वर्षांत तिला घेऊन मी एकाही गाडीत बसलो नाही, मुंबईला डॉक्टरकडे नेलं तेही एसटीने.

आणखी एक. ते अकरा फोटो मी तिला दाखवले नाहीत. पोस्टमनकडून हातोहात घ्यायचो. माझ्या ट्रंकेत आहेत. ते येत होते त्या वर्ष-दोन वर्षांत तू मेलीस की जिवंत आहेस, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. ती रडायची तेव्हा मी पेपर वाचत असे. हे मी का केलं, याचं कारण शोधतो आहे. सापडत नाही. तिने दारापाशी माझ्याशी जोर केला, तेवढंच आठवतं.

आता माझं काम. पनवेलला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, २० जानेवारीला. सोबत कुणीतरी लागतं, सही करायला आणि परत आणायला. मला कुणी नाही. सोनावणे मुलाकडे नाशिकला गेले. तू ये. आल्यावर मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. दार उघडंच ठेवतो.

तुझे बाबा


रत्नागिरी,
५ जानेवारी २००३

बाबा,

आई गेल्याचं मला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला कळलं. बिल्किसने स्टुडिओच्या मालकांच्या घरी फोन केला. मिळाली ती गाडी पकडून मी दुपारी एकला वीरला उतरले. मुश्ताकभाई रिक्षा घेऊन उभे होते. बिल्किसने तिच्या घरी मला तिचा बुरखा घातला, आणि ती, तिची सासू आणि जाऊ यांच्याबरोबर मी आपल्या घरी आले. तुम्ही दारात खुर्चीवर होता. आम्हाला म्हणालात, “या, आत बसा.”

मी आईच्या पायाशी बसले. पाऊण तास. तिच्या पायाच्या बोटांना हात लावून बसले होते. तेवढ्यात सोनावणे गुरुजी आले आणि त्यांनी विचारलं, “मुलीला कळवलंत ना?” तुम्ही म्हणालात, “कळवलं. सवड नाही म्हणून निरोप आलाय.” मी तुमच्यापासून चार हातांवर होते. आवडीमावशी म्हणाली, “कसली गो लेक ही.” सगळ्या बायका हळहळल्या. बिल्किसने माझं मनगट दाबून धरलं, नाहीतर मी उठले असते. मग तुम्ही सगळ्यांना चहा द्यायला सांगितलात. एक कप माझ्यापुढे ठेवला. तो मी प्यायले.

तार केली नाहीत, ते तुमच्या पत्रातून आता कळलं. त्याने काही फरक पडला नसता.

आई तीन वर्षं मला भेटत होती. तुम्ही सांगून लिहवलेल्या त्या पत्रावर बिल्किसने कधी विश्वास ठेवला नाही. त्यात एकही चूक नव्हती, म्हणून तिला कळलं की ते माझं नाही. मी रत्नागिरीला गेल्यावर तिने मला शोधलं. तुम्ही पेन्शनसाठी बँकेत जायचात, त्या दिवशी मुश्ताकभाई आईला वीरला आणायचे. मी सकाळच्या गाडीने यायचे. आम्ही बाकावर बसायचो. ती भाकरी आणि सुकट आणायची. गाडी आली की मी कॅमेरा घेऊन पळायचे. ती म्हणायची, “जा गो, काढून ये, मी हितं बसलीय.” तिला गाड्यांतलं समजत नाही, असं तुम्ही लिहिलंत. लांबून दिवा दिसला की मालगाडी की पॅसेंजर हे ती माझ्याआधी सांगायची. पहिल्या भेटीत तिने विचारलं, “एवढ्या दिवसांत एक कागद नाय टाकलास?” तेव्हा मला अकरा फोटोंचं काय झालं ते कळलं. त्यानंतर मी पाठवले नाहीत.

बुधवारी इंजेक्शन नव्हतं. मी बिल्किसच्या माजघरात असायचे. आईला न्हाऊ घालायचे, वेणी घालायचे, नवे फोटो दाखवायचे. शेवटच्या बुधवारी तिला मान धरवत नव्हती, म्हणून मी फोटो तिच्या डोळ्यांपुढे धरत होते. ती म्हणाली, “त्यांना कलू देव नको. कललं तर ह्ये पण बंद करतील.” तुमच्याबद्दल ती शेवटचं बोलली ते हेच.

नंतर ऑगस्टचं पत्र आलं. आईने पेज घेतली, लोणचं मागून घेतलं. मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं होतं, “बाबा, मी तिच्या पायाशी बसले होते,” एवढं लिहून झालं होतं. मग ते फाडलं. म्हटलं, बघू या, किती दिवस तिला जिवंत ठेवतात. मला ते बघायचं होतं. ऑक्टोबरात तुम्ही तिला वीरला नेलंत, बाकावर बसवलंत, हातात भाकरीचा डबा दिलात. ते पत्र वाचल्यावर माझ्या हातून दिवसभर काम झालं नाही. मालक म्हणाले, घरी जा. तरीही मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला एकट्याला तिथे बसवून ठेवायला मला आवडत होतं. दिवाळीला तुम्ही वाट बघत असाल हेही मला माहीत होतं. मी त्या चार दिवसांत खेडच्या पुढे बोगद्यांच्या बाजूला होते, चांगले फोटो मिळाले.

हे मी तुमच्यावर गेले आहे. माझ्या जागी आई असती तर तिने पहिल्याच पत्राला उत्तर देऊन टाकलं असतं.

ऑपरेशनला मला येता येणार नाही. तुमच्यासोबत पनवेलला जातील का, असं मी मुश्ताकभाईंना फोनवर विचारलं. ते नको म्हणाले. मी आग्रह केला नाही.

उज्वला